हालचालीतून शिकणे : गावाकडच्या पालकांचे आणि शिक्षकांचे नेहमीचे प्रश्न

विदर्भातल्या गट साधन केंद्रातील (तालुक्याच्या शिक्षण विभागाचे केंद्र) तपासणी शिबिरात, अंगणवाडीच्या ओट्यावर आणि कित्येकदा वावराच्या धुऱ्यावर उभ्या उभ्या आईवडील, आजी-आजोबा आणि शिक्षक मला जे प्रश्न विचारत आले आहेत, ते येथे एकत्र केले आहेत. मी विशेष शिक्षक आहे, डॉक्टर नाही. निदान आणि औषधे डॉक्टरांनीच ठरवायची. येथे लिहिले आहे ते घरात आणि वर्गात काय करावे याविषयी.

लिहायचे हाताने आणि वाचायचे डोळ्यांनी, मग अभ्यासासाठी सगळ्या अंगाच्या हालचालीवर एवढा भर कशाला?

दुसरीत शिकणाऱ्या एका मुलीला सेरेब्रल पाल्सी, म्हणजे लहानपणी मेंदूला झालेल्या इजेमुळे हालचालीवर ताबा कमी असण्याची अवस्था, होती. ती बाकावर बसली की तिचे पाय जमिनीपासून चार बोटे वर लोंबत. तोल जाऊ नये म्हणून ती डाव्या हाताने बाकाची कड इतकी घट्ट धरून ठेवी की बोटांची पेरे पांढरी पडत. वही धरायला हात उरत नसे, त्यामुळे वही सरके, अक्षर रेघेबाहेर जाई आणि वहीवर ‘अक्षर सुधारा, लक्ष द्या’ असा शेरा येई. आम्ही तिच्या पायांखाली गोणपाटात गुंडाळलेल्या दोन विटा ठेवल्या आणि वही कपड्यांच्या चिमट्याने एका फळीला लावून दिली. पाय टेकले, तसा थोड्या वेळाने डावा हात बाकाच्या कडेवरून आपोआप सुटून वहीवर आला. त्या दिवशी तिला अक्षराविषयी आम्ही एक शब्दही सांगितला नव्हता.

धड स्थिर नसेल तर हात मोकळा होत नाही आणि मान स्थिर नसेल तर डोळे ओळीवर टिकत नाहीत. शिवाय ‘वर’, ‘खाली’, ‘आत’, ‘जड’, ‘दूर’ हे शब्द मूल पुस्तकातून शिकण्याच्या कितीतरी आधी बाजेखाली शिरून, टोपलीत बसून आणि पाण्याची बादली ओढून शिकलेले असते. ज्याला दोन-तीन वर्षे कुणीतरी उचलूनच नेले, त्याचा हा अभ्यास राहून गेलेला असतो. हालचाल आणि शिक्षण यांचा एकत्रित कार्यक्रम म्हणजे हा राहिलेला अभ्यास, त्या मुलाला जमेल अशा रीतीने, रोजच्या कामांतून करून घेणे.

हा कार्यक्रम कोणत्या मुलांसाठी असतो?

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ या कायद्याने दिव्यांगत्वाचे २१ प्रकार मानले आहेत. १९९५ च्या कायद्यात ते ७ होते. सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता, स्वमग्नता (ऑटिझम), अंधत्व आणि श्रवणदोष यांच्याबरोबरच मस्क्युलर डिस्ट्रॉफी (स्नायू झिजत जाण्याचा आजार), अध्ययन अक्षमता आणि सिकलसेल व थॅलेसेमिया हे रक्ताचे आजारही त्यांत आहेत. तथापि माझ्या मते प्रमाणपत्रावरचा प्रकार हा शासकीय लाभांसाठी महत्त्वाचा आहे, घरातल्या कामासाठी तितका नाही. मुलाला काय येते, काय थोड्यासाठी अडते आणि कशाची ओढ आहे, या तीन गोष्टी कळल्या की सुरुवात करता येते, आणि त्यासाठी प्रमाणपत्र हातात पडेपर्यंत थांबण्याची गरज नाही.

आमचे लेकरू उशिरा बसते आहे. घरचे म्हणतात, याचा बापही उशिराच चालला होता. वाट पाहावी का?

हे वाक्य मी जवळजवळ प्रत्येक गावात ऐकले आहे आणि एखाद्या घरात ते खरेही असते. तरी काही खुणा दिसल्यास वाट पाहू नये. चार महिन्यांनंतरही मान धरत नाही, नऊ महिने उलटूनही आधाराशिवाय बसत नाही, दीड वर्षाचे होऊनही चालत नाही, आवाजाकडे वळून पाहत नाही, किंवा दीड वर्षापर्यंत अर्थाचा एकही शब्द बोलत नाही, तर तपासणी करून घ्यावी. एक खूण मात्र पालकांना कौतुकाची वाटते आणि म्हणून हमखास सुटते. वर्षाच्या आतले मूल प्रत्येक वस्तूसाठी एकच हात पुढे करीत असेल, तर ते ‘डावखुरे’ असल्यापेक्षा दुसऱ्या हातात जोर कमी असण्याची शक्यता अधिक असते.

जन्मतः रडले नाही, दिवस भरण्याआधी जन्मले, वजन फार कमी होते, कावीळ वाढली होती किंवा झटके आले होते, अशा बाळांवर तर पहिली दोन वर्षे नजर ठेवलीच पाहिजे. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा तपासणीस येतात. पथकाने चिठ्ठी दिली तर ती घेऊन जिल्हा रुग्णालयाच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात जावे. तेथील लोक त्याला ‘डीईआयसी’ म्हणतात आणि विचारताना तेच नाव सांगितल्यास खोली लवकर सापडते. पथक येणार त्या दिवशी मूल गावात असावे, एवढे अंगणवाडीताईंना आधी विचारून ठेवले तरी पुष्कळ काम होते.

आधी चालायला लागू द्या, मग शाळेत घालू, असे ठरवले तर चालेल का?

चालणार नाही. काही मुले कधीच आधाराशिवाय चालणार नाहीत आणि तरीही उत्तम शिकतील. सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांच्या हालचालीचे पाच स्तर मानले जातात, त्यांपैकी चौथ्या आणि पाचव्या स्तरावरील मुलांना प्रामुख्याने चाकाची खुर्ची लागते, पण त्या स्तरावरून मुलाच्या बुद्धीचा अंदाज बांधता येत नाही. २०१६ च्या कायद्यानुसार ४० टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्व असलेल्या मुलाला वयाच्या ६ ते १८ वर्षांपर्यंत जवळच्या शाळेत किंवा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. अतितीव्र किंवा बहुविध दिव्यांगत्व असेल तर घरी राहून शिकण्याची तरतूद शिक्षण हक्क कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीने झाली. मात्र ही सवलत शाळेला नको असलेले मूल घरी बसवण्यासाठी वापरली जाते, हेही मी पाहिले आहे. मुलाचे नाव पटावर असेल आणि महिनोन्‌महिने त्याच्याकडे कोणी फिरकत नसेल, तर त्याला गृहाधारित शिक्षण म्हणता येणार नाही.

घरात कसलेच साहित्य नाही. काय करून घ्यावे?

नोकरीच्या पहिल्या वर्षी मी एका आईला चौदा व्यायामांचा छापील कागद दिला होता. दोन महिन्यांनी गेलो तेव्हा तो कागद कॅलेंडरच्या मागे नीट घडी करून ठेवलेला होता. ती माय पहाटे पाणी भरून, स्वयंपाक करून आठ वाजता निंदणाला जात होती आणि चौदांतला एकही व्यायाम तिच्या दिवसात बसण्यासारखा नव्हता. चूक तिची नव्हती. तेव्हापासून मी कोणत्याही घराला एका वेळी दोनपेक्षा अधिक गोष्टी सांगत नाही, आणि त्या दोन्ही गोष्टी घरात नाहीतरी होणाऱ्या कामातच बसवतो.

शर्ट चढवताना लुळा हात आधी बाहीत घालावा आणि काढताना शेवटी काढावा. मुलाने स्वतः बाही ओढेपर्यंत दहा अंक मोजावेत आणि मगच मदत करावी. तुरीच्या शेंगा सोलणे, कापसातली सरकी काढणे, पिठाचा गोळा दाबणे, ओले फडके पिळणे, ही बोटांच्या ताकदीची कामे आहेत. जे मूल वस्तू तोंडात घालते त्याच्यापुढे मात्र सुटे दाणे कधीही ठेवू नयेत. त्याच्यासाठी कणकेचा गोळा किंवा कपड्यात शिवलेले दाणे पुरेत. बसण्याचा तोल अपुरा असलेल्या मुलाला भिंतींच्या कोपऱ्यात बसवून दोन्ही बाजूंना वाळूची अर्धी भरलेली पोती लावली, तर दोन्ही हात मोकळे राहतात. पोटावर झोपून मान उचलण्यासाठी छातीखाली वाकळेची गुंडाळी करून ठेवावी, आणि समोर काहीतरी बघण्याजोगे हवे, म्हणजे कोंबडीची पिल्ले किंवा चुलीपुढची आजी. भिंतीकडे तोंड करून कोण कशाला मान उचलील?

आपल्याकडच्या सणांचा उपयोग तर फारच कमी केला जातो. तान्ह्या पोळ्याचा, म्हणजे मुलांच्या पोळ्याचा, लाकडी नंदीबैल हे चालण्याच्या सरावाचे अप्रतिम साधन आहे, कारण दोरी ओढताना मूल तोल सांभाळते, मागे वळून पाहते, थांबते आणि पुन्हा निघते. एका बाजूने कमजोर असलेल्या एका मुलाच्या नंदीच्या दोरीला आम्ही चिंध्यांची जाड गाठ मारून दिली, जेणेकरून अशक्त हाताच्या मुठीत ती बसावी. पोळा संपला तरी तो बैल माळ्यावर गेला नाही. दिवाळीपर्यंत अंगणात फिरत होता. भुलाबाईच्या, म्हणजे मुलींच्या गाण्यांच्या सणाच्या, दिवसांत टिपऱ्या वाजवताना दोन्ही हात तालावर एकत्र येतात, आणि डबा हलवून आतला खाऊ ओळखण्याच्या खेळात कमी बोलणारी मुलेही अंदाज सांगण्यासाठी तोंड उघडतात. मुलाला कोपऱ्यात प्रेक्षक म्हणून बसवू नये, टिपरी त्याच्याही हातात द्यावी, इतकेच.

रोज किती वेळ द्यावा? कापूस वेचणीच्या दिवसांत आम्हाला उसंतच नसते.

एका बैठकीला तासभर देण्यापेक्षा दिवसात पाच-सहा वेळा पाच-पाच मिनिटे देणे बरे. आंघोळ, जेवण, कपडे आणि झोपण्यापूर्वीचा वेळ मोजला तरी एवढे निघते. वेचणीच्या काळात नवीन काही शिकवू नये, आहे तेवढे टिकवावे. मूल वावरात सोबत येत असेल तर झाडाखाली झोळीत दिवसभर पडून राहण्याऐवजी, गाठोड्याला टेकून बसण्याची सोय करावी आणि कापसाचे बोंड त्याच्या हाती द्यावे. एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडे पारा ४५ अंशांपर्यंत जातो, तेव्हा अंगमेहनतीचे सगळे सकाळी आठच्या आत किंवा ऊन उतरल्यावरच. झटक्यांची काही औषधे घाम कमी करतात. ती चालू असलेल्या मुलांना उन्हाचा त्रास लवकर होतो, म्हणून औषधाविषयी डॉक्टरांना तसे स्पष्ट विचारावे.

मुलाला सिकलसेल आहे. त्याने खेळावे की नाही?

विदर्भात हा प्रश्न टाळून पुढे जाताच येत नाही. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, नागपूर आणि मेळघाटचा भाग येथे सिकलसेलचे रुग्ण मोठ्या संख्येने आहेत. सर्वप्रथम ‘वाहक’ आणि ‘रुग्ण’ यांतला फरक समजून घ्यावा, कारण गावात दोघांनाही ‘सिकलसेलवाला’ म्हणतात आणि पूर्ण निरोगी वाहक मुलाला विनाकारण खेळातून उठवतात. वाहकाला हा रक्तदोष आई किंवा बाप यांपैकी एकाकडूनच आलेला असतो, रुग्णाला दोघांकडून. वाहकाला साधारण सगळे खेळ खेळता येतात. फक्त कडक उन्हातली अतिमेहनत आणि अंगातले पाणी कमी होणे त्यालाही टाळावे लागते.

रुग्ण मुलालाही हालचाल हवीच, पण त्याची रीत वेगळी आहे. पाणी कमी पडणे, तीव्र ऊन, अचानक थंडी आणि दमछाक यांमुळे रक्तपेशी विळ्याच्या आकाराच्या होऊन बारीक रक्तवाहिन्या अडवतात आणि असह्य वेदना सुरू होतात. म्हणून दर दहा-पंधरा मिनिटांनी पाणी आणि विसावा, स्पर्धेचा दबाव नाही, आणि मूल ‘दुखते’ म्हणाले की तत्काळ थांबणे. त्याला वर्गात पाण्याची बाटली जवळ ठेवू द्यावी आणि लघवीला वारंवार जाऊ द्यावे. एवढी साधी सूचना प्रत्येक शाळेला दरवर्षी नव्याने द्यावी लागते. लंगडणे किंवा जांघेत दुखणे दिसले तर खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा कमी झाला नाही ना हे तपासावे लागते, आणि तोपर्यंत उड्या बंद.

आणखी एक गोष्ट शिक्षकांना सहसा कोणी सांगत नाही. या आजारात मेंदूला बाहेरून लक्षण न दिसणारे छोटे आघात होऊ शकतात आणि त्यांचा परिणाम लक्ष, स्मरण आणि गणित यांवर पडतो. पूर्वी बरा अभ्यास करणारे मूल हळूहळू मागे पडत असेल तर त्याला आळशी ठरवण्याआधी डॉक्टरांकडे पाठवावे. तोंड वाकडे होणे, एका बाजूची ताकद जाणे किंवा बोबडी वळणे दिसल्यास त्याच क्षणी रुग्णालय गाठावे.

इतर कोणत्या मुलांच्या बाबतीत विशेष काळजी घ्यावी?

डाऊन सिंड्रोम असलेल्या काही मुलांच्या मानेच्या वरच्या दोन मणक्यांचा सांधा सैल असतो, म्हणून डॉक्टरांनी मान तपासल्याशिवाय कोलांटउडी, डोक्यावर उभे राहणे आणि मानेला हिसका बसेल असे खेळ घेऊ नयेत. झटके येणाऱ्या मुलाला विहीर, नदी, तलाव आणि चूल यांच्याजवळ एकटे सोडू नये. बाकी खेळ त्याने खेळावेत.

चार-पाच वर्षांचा मुलगा वारंवार पडतो, पोटऱ्या भरदार दिसतात आणि जमिनीवरून उठताना स्वतःच्याच मांड्यांवर हात टेकत टेकत वर येतो, असे दिसले तर मस्क्युलर डिस्ट्रॉफीची शंका घ्यावी. अशा मुलाला ‘ताकद वाढावी’ म्हणून उठाबशा काढायला लावणे किंवा जिने वारंवार चढउतार करवणे अपायकारक ठरते. एका गावात पोरगा कमजोर म्हणून घरच्यांनी आखाड्यात घातला होता. हेतू चांगला होता, पण त्याचे स्नायू मेहनतीने वाढत नव्हते, झिजत होते.

मूल वर्गात एका जागी बसतच नाही, कानांवर हात ठेवते, गोल गोल फिरते. त्याला कसे बसवावे?

स्वमग्न मुलांविषयी हा प्रश्न हमखास येतो, आणि त्याला बसवण्याआधी ते का उठते हे पाहावे असे माझे मत आहे. पत्र्याच्या छपराखालच्या वर्गात पावसाचा आवाज आपल्याला नकोसा होतो. त्या मुलाला साधा घंटेचा आवाजही तसाच वाटत असेल. घंटेजवळची जागा बदलावी. वीस मिनिटे बसल्यावर पाच मिनिटे जड काम द्यावे, म्हणजे पाण्याची कळशी धरू लागणे, वह्यांचा गठ्ठा मुख्याध्यापकांकडे नेणे, सतरंज्या गुंडाळणे. अशा ओढण्या-उचलण्याच्या कामानंतर बरीच मुले शांत होतात. सगळीच होतात असे नाही, म्हणून दोन आठवडे करून पाहावे, नोंद ठेवावी आणि फरक नसेल तर सोडून द्यावे. दिवसाचा क्रम चार चित्रांत काढून भिंतीवर लावला तर ‘यानंतर काय’ ही धास्तीही कमी होते. कानांवरचे हात बळजबरीने काढू नयेत.

वर्गात तीस-पस्तीस मुले असताना एका मुलाकडे शिक्षकाने वेगळे लक्ष कसे द्यावे?

ही तक्रार खरी आहे आणि दोन शिक्षकी शाळेत तर अधिकच खरी. म्हणून असे उपक्रम निवडावेत जे सगळ्या वर्गाला चालतात. पाढे पावले टाकत म्हणणे, जमिनीवर आखलेल्या बिल्लसच्या घरांत अंक किंवा जोडाक्षरे लिहून सांगितलेल्या घरात जाणे, अक्षर आधी मातीत पूर्ण हाताने आणि मग पाटीवर बोटाने गिरवणे, यांचा उपयोग नुकत्याच लिहू लागलेल्या प्रत्येक मुलाला होतो. जो लंगडी घालू शकत नाही तो खापर फेकेल, आणि जो फेकूही शकत नाही तो घराचे नाव पुकारेल. पण प्रत्येक खेळात त्याला केवळ गुण मांडायला बसवणे हे मला मान्य नाही.

खेळाच्या तासाआधी बैठकीकडे पाहावे. पाय टेकलेले, गुडघे साधारण काटकोनात आणि लिहिण्याची फळी कोपरांच्या उंचीला, ही तीन मापे शिक्षकाने एकदा बघून घेतली तर वर्षभराचा त्रास वाचतो. फळ्यावरून उतरवून घेण्यास ज्याला फार वेळ लागतो त्याला उत्तर तोंडी देऊ द्यावे. दहावी-बारावीच्या परीक्षेत पात्र दिव्यांग विद्यार्थ्यांना तासाला २० मिनिटे जादा वेळ आणि लेखनिक मिळू शकतो, परंतु लेखनिकाला सांगून लिहवून घेण्याचा सराव आठवीपासून नसेल तर ती सवलत परीक्षेच्या दिवशी ओझे ठरते.

‘मेंदूचे व्यायाम’ केल्याने वाचन सुधारते, एका शिबिरात मूल बरे होते, असे सांगतात. खरे आहे का?

हातपाय आडवे-तिडवे हलवल्याने मेंदूचे दोन भाग जोडले जाऊन वाचन येते, या दाव्याला भक्कम पुरावा नाही. अशा कवायतीने वर्ग ताजातवाना होत असेल तर अवश्य करावी. पण वाचन वाचूनच येते, आणि अध्ययन अक्षमता असलेल्या मुलाला अक्षर आणि ध्वनी यांची पद्धतशीर जोडणी शिकवावी लागते. अनेक माणसांनी मिळून मुलाचे हातपाय रोज कित्येक तास ठरावीक आकृतीत हलवण्याची एक महागडी अमेरिकी पद्धत होती. तिच्याविषयी त्याच देशाच्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने १९८२ मध्ये आणि पुन्हा १९९९ मध्ये सावध केले होते. सेरेब्रल पाल्सीवरील उपचारांचा जो मोठा आढावा २०२० मध्ये प्रसिद्ध झाला, त्यातही निष्कर्ष असाच निघतो की दुसऱ्याने हातपाय हलवून देण्यापेक्षा मुलाने स्वतः ठरवलेले खरे काम पुनःपुन्हा करणे अधिक उपयोगी पडते. ताट उचलायला शिकायचे असेल तर ताटच उचलावे लागते.

तेलाने मालिश करण्यास माझी हरकत नाही; मायेचा हात कुणाला नको असतो? मात्र ताठर सांधे जोर लावून वाकवू नयेत, हाडे मोडलेली मी पाहिली आहेत. आणि स्टेम सेलच्या (मूळ पेशी टोचण्याच्या) उपचाराच्या नावाखाली लाखो रुपये मागणाऱ्याकडे जाण्यासाठी वावर गहाण टाकू नये. स्वमग्नतेवर उपचार म्हणून त्याची शिफारस करता येत नाही, असे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या मंडळाने म्हटले आहे.

घरी आम्ही कोरकू बोलतो, शाळेत मराठी. मूल बोलत नाही ते यामुळे का?

दोन भाषांमुळे मूल मुके राहत नाही. उलट धोका असा आहे की धारणी-चिखलदऱ्याच्या कोरकू किंवा भामरागडच्या माडिया मुलाची तपासणी मराठीतून होते आणि प्रश्नच न समजल्यामुळे त्याला ‘मंद’ ठरवले जाते. तपासणीला जाताना घरची भाषा आणि मराठी दोन्ही जाणणाऱ्या आशाताई किंवा शेजारी सोबत न्यावेत, आणि मूल घरी कोणकोणते शब्द बोलते ते आधी लिहून घ्यावे. हालचालीच्या सूचनाही घरच्या भाषेतच द्याव्यात. वऱ्हाडी किंवा झाडीबोली बोलणाऱ्या मुलाच्या बोलीला अशुद्ध म्हणून दुरुस्त करीत बसणे हे तर वाचा उपचाराच्या नेमके उलट आहे. कान तपासून घेणे मात्र कोणत्याही भाषेच्या मुलाला चुकू देऊ नये.

विशेष शाळेत ठेवावे की गावातल्याच?

सरसकट उत्तर नाही. अंध किंवा मूकबधिर मुलाला ब्रेल किंवा खुणांची भाषा लहानपणी मिळणे अत्यावश्यक आहे आणि ती गावात मिळत नसेल तर निवासी शाळेचा विचार करावा. वरोऱ्याजवळच्या आनंदवनात अशा मुलांच्या शाळा आहेत. हालचालीची अडचण असलेले आणि समज चांगली असलेले मूल गावच्याच शाळेत शिकावे, असे मला वाटते. अचलपूर तालुक्यातील वझ्झर येथे बेवारस दिव्यांग मुलांना वाढवणाऱ्या शंकरबाबा पापळकरांना २०२४ मध्ये पद्मश्री मिळाली. तेथील मुलांनी झाडे लावून जगवली. कामातून अंग कसे वळते हे पाहायचे असेल तर ती झाडे पाहावीत. पण ज्या मुलाला आईवडील आहेत त्याला केवळ सोय म्हणून दूर ठेवणे वेगळे.

फिजिओथेरपीसाठी जिल्ह्याला दर आठवड्याला कसे जायचे?

सिरोंच्याहून गडचिरोली सुमारे २०० किलोमीटर आहे. तेथल्या आईला ‘आठवड्यातून तीनदा या’ म्हणणे हा सल्लाच नव्हे. महिन्या-दोन महिन्यांतून एकदा जावे, पण तयारीने जावे. घरची बाज, उंबरा आणि शौचालयाची पायरी यांचे फोटो मोबाइलमध्ये न्यावेत, मूल कसे बसते-उठते याचा छोटा व्हिडिओ न्यावा, आणि उपचारकाने दाखवलेली कृती आईने स्वतः त्यांच्यासमोर करून दाखवून तिचाच व्हिडिओ काढून घ्यावा. नागपूरचे एम्स, तेथीलच शासकीय वैद्यकीय महाविद्यालय किंवा सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय येथे जाताना जुने सगळे कागद एका पिशवीत असावेत. विशेष शिक्षकाची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे आणि फिजिओथेरपिस्टची राज्याच्या परिषदेकडे असते. नोंदणी क्रमांक विचारण्यात उद्धटपणा नाही.

प्रमाणपत्र आणि सवलतींचे काय?

स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करून, रुग्णालयात तपासणी झाल्यावर प्रमाणपत्र आणि वैश्विक ओळखपत्र (यूडीआयडी) मिळते. सेतू केंद्रात अर्ज भरताना आधारवरील नाव आणि शाळेच्या दाखल्यावरील नाव तंतोतंत जुळते का ते पाहावे. निम्मे हेलपाटे त्यापायीच पडतात. एसटीच्या भाड्यात दिव्यांगांना सवलत आहे. समग्र शिक्षा या शासकीय शिक्षण योजनेअंतर्गत प्रवास व मदतनीस भत्ता आणि मुलींना दरमहा २०० रुपये प्रोत्साहन भत्ता यांची तरतूद आहे, त्यासाठी नाव शाळेमार्फत कळवलेले असावे लागते. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुदिव्यांगत्व यांसाठी राष्ट्रीय न्यास या केंद्र शासनाच्या संस्थेची निरामय ही वर्षाला १ लाख रुपयांपर्यंतची आरोग्य विमा योजना आहे आणि तिच्यात उपचारांच्या फेऱ्यांचाही काही खर्च मिळतो, हे फार थोड्यांना ठाऊक असते.

मूल आता बारा वर्षांचे झाले, उचलवत नाही. पुढे काय?

आईच्या कंबरेचा प्रश्न कोणत्याच अर्जात विचारला जात नाही, म्हणून तो मी शेवटी पण मुद्दाम घेतो. उचलताना कंबरेतून वाकू नये. गुडघे वाकवून, मुलाला छातीशी घेऊन मगच उठावे, आणि शक्य तेथे दोघांनी उचलावे. त्याहून चांगले म्हणजे मुलाकडून थोडी तरी मदत घेणे. बाजेच्या खुरांची उंची खुर्चीएवढी केली तर मूल सरकून एकीकडून दुसरीकडे जाऊ शकते, आणि हा सराव सहाव्या-सातव्या वर्षी सुरू केलेला असेल तर बाराव्या वर्षी कामी येतो. शौचालयात दोन्ही बाजूंना कमरेच्या उंचीला लोखंडी दांडा बसवणे गावातल्या गवंड्याला एका दिवसाचे काम आहे.

साधन वाटपाच्या शिबिरात चाकाची खुर्ची मिळते, पण माप न घेता दिलेली मोठी खुर्ची घेऊन येऊ नये. मूल तिच्यात एका बाजूला कलते आणि पाठीचा कणा वाकतो. बसल्यावर मांडी आणि खुर्चीची बाजू यांच्यामध्ये दोन्हीकडे दोन बोटे मावतील एवढीच जागा असावी, आणि पावले पायपट्टीवर टेकलेली असावीत. शिबिरात घाई असते, नावे पुकारली जात असतात, फोटो काढायचा असतो. तरी मुलाला त्या खुर्चीत बसवून, खाली बसून ही दोन बोटे घालून पाहावीत आणि मगच सही करावी.